पहिलं घर घेताना: आधी आकडा, मग कागद, मग फ्लॅट

आम्ही दोघं चिंचवडला भाड्याने राहत होतो, नवरा चाकणला एका कंपनीत मशीन शॉपला, मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये. चौदा महिने घर शोधलं, एकतीस फ्लॅट बघितले (मी वहीत लिहून ठेवायचे म्हणून आकडा पक्का आहे), एका ठिकाणी टोकन अडकवून घेतलं आणि शेवटी पिंपळे गुरवला रीसेलचा टू बीएचके घेतला. आता ऑफिसमधलं, नात्यातलं कोणीही घर घ्यायचं म्हटलं की मलाच फोन करतं आणि प्रत्येकाला तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. पुणे आणि पिंपरी चिंचवड धरून लिहिलंय, बाकी महाराष्ट्रातही बरंचसं सारखंच आहे, टक्के थोडे इकडे तिकडे होतील.

आमची मोठी चूक क्रमाची होती. आम्ही आधी फ्लॅट बघितले, मग त्यातल्या एकाच्या प्रेमात पडलो, मग पैसे मोजायला बसलो आणि सगळ्यात शेवटी कागद मागितले. हे बरोब्बर उलटं करायचं असतं. एकदा बाल्कनीत उभं राहून "इथे तुळस ठेवू" म्हटलं की डोकं चालत नाही, समोरचा सांगेल ते खरं वाटायला लागतं.

पायरी १: खिशातून किती जाणार ते मांडा

रविवारी सकाळी चहा घेऊन दोघं बसा, मोबाईल लांब ठेवा. बघायचं असं की फ्लॅटची किंमत म्हणजे घराची किंमत नव्हे. आमचंच उदाहरण घेते, फ्लॅट ठरला ६२ लाखांना. आम्हाला वाटलं बँक लोन देईल, आपल्याकडे १२-१३ लाख आहेत, झालं की. तर तसं नसतं.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या लोनला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या लोनला ८० टक्क्यांपर्यंत आणि त्याच्या वर ७५ टक्क्यांपर्यंत लोन मिळतं. म्हणजे ६२ लाखांवर जास्तीत जास्त ४९ लाख ६० हजार. उरलेले १२ लाख ४० हजार आपले. आता यावर स्टँप ड्युटी, जी पुणे आणि पिंपरी चिंचवड महापालिकेत सगळं धरून ७ टक्के आहे (मुंबईत ६), म्हणजे ४ लाख ३४ हजार. रजिस्ट्रेशन फी १ टक्का पण ३० हजारांच्या वर जात नाही, म्हणजे ३० हजार. आणि हे स्टँप-रजिस्ट्रेशनचे पैसे बँक लोनच्या हिशोबात धरत नाही, ते सगळे रोख तयार पाहिजेत. एजंटचा १ टक्का म्हणजे ६२ हजार, सोसायटीचं ट्रान्सफर प्रीमियम (महापालिका हद्दीत २५ हजारांच्या वर सोसायटी घेऊ शकत नाही, मागितले तर नियम दाखवा), वकील, बँकेची प्रोसेसिंग फी, बँकेचा वकील आणि व्हॅल्युअर यांची फी, लोनच्या गहाणखतावरची वेगळी थोडी स्टँप ड्युटी. हे सगळं मिळून आमच्या खिशातून साडेअठरा लाख गेले, आणि घरात अजून पंखासुद्धा लागला नव्हता!

नवीन बांधकाम चालू असलेल्या प्रोजेक्टमध्ये घेतला तर यावर आणखी ५ टक्के जीएसटी. ४५ लाखांपर्यंतचं आणि ठरलेल्या कार्पेटच्या (आतल्या वापरायच्या जागेच्या) मर्यादेतलं घर असेल तर १ टक्का. कम्प्लिशन मिळालेल्या तयार फ्लॅटला आणि रीसेलला जीएसटी नाही. ६२ लाखांवर ५ टक्के म्हणजे ३ लाख १० हजार होतात, म्हणून "नवीन स्वस्त पडतं" असं कोणी म्हटलं की जीएसटी धरून बोलतोय का ते विचारा.

आमचा कानमंत्र सांगू का, किमतीच्या ३० टक्के पैसे आपले तयार असतील तरच त्या किमतीचा फ्लॅट बघायला जायचं. तेवढे नसतील तर बजेट कमी करा किंवा अजून दीड वर्ष भाड्याने राहा, भाडं देणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं वगैरे काही नसतं, डोक्यावरून पाणी जाण्यापेक्षा बरं.

आणि इथेच बसून आणखी एक गोष्ट ठरवा, घर कोणाच्या नावावर. महाराष्ट्रात बाईच्या एकटीच्या नावावर घर घेतलं तर स्टँप ड्युटीत १ टक्का सूट आहे, २०२१ च्या एप्रिलपासून. आमचे ६२ हजार वाचले असते. पण नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर ही सूट मिळत नाही, सगळे घेणारे बायकाच पाहिजेत. आणि एकटीच्या नावावर घेतलं आणि लोन दोघांनी मिळून काढलं तर नवऱ्याला हप्त्यावर इन्कम टॅक्सची सवलत मिळत नाही, कारण त्यासाठी मालकीत नाव लागतं (ही सवलतही जुन्या टॅक्स रेजिममध्ये असाल तरच, नव्यात राहत्या घराच्या व्याजावर काही नाही). आमच्या घरी यावर आठवडाभर धुसफूस झाली. नवरा म्हणाला तुझ्याच नावावर घेऊ, सासरे अंबाजोगाईहून फोनवर काही बोलले नाहीत पण त्यांचं न बोलणंच बोलत होतं. शेवटी दोघांच्या नावावर घेतलं, कारण हप्ता दोघांच्या पगारातून जाणार होता. तुमचं तुम्ही ठरवा, फक्त टोकन द्यायच्या आधी ठरवा, नंतर नाव घालणं-काढणं म्हणजे परत स्टँप आणि परत चकरा.

पायरी २: लोन आधीच मंजूर करून ठेवा

हे पटकन सांगते. सिबिल (आधीची कर्जं, कार्डाची बिलं कशी फेडलीत त्याचा स्कोअर) बघून घ्या, दोघांचाही, ७५० च्या वर असेल तर निवांत. नवऱ्याचा ७०८ निघाला कारण एका क्रेडिट कार्डाचे तीनशे चाळीस रुपये दोन वर्षं राहिले होते, ते भरून, बँकेकडून पत्र घेऊन, स्कोअर सुधारायला चार महिने गेले. प्रॉपर्टी ठरवायच्या आधीच बँक पगारावरून किती देईल ते लेखी सांगते, ते पत्र हातात असलं की विकणाऱ्याशी बोलतानाही वजन पडतं.

हप्त्याचा ढोबळ हिशोब: साडेआठ टक्के व्याज, २० वर्षं, दर लाखाला साधारण ८६८ रुपये. ५० लाखांना ४३ हजार ४००. वीस वर्षांत एकूण १ कोटी ४ लाख फेडता. हा आकडा बघून मला रात्री झोप आली नव्हती. पण फ्लोटिंग रेटच्या (बदलत्या व्याजदराच्या) होम लोनला वैयक्तिक कर्जदाराकडून प्रीपेमेंटचा, म्हणजे मुदतीआधी पैसे भरल्याचा, दंड घेता येत नाही, त्यामुळे बोनस आला की मुद्दलात भरा, सुरुवातीच्या वर्षांत भरलेल्याचा फायदा जास्त. आणि व्याजदर वाढला की बऱ्याचदा हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली जाते, तुम्हाला कळतही नाही. हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडायचा हक्क तुमचा आहे, बँकेला तसं विचारा.

पायरी ३: एरिया, म्हणजे पाणी

लोक आधी मेट्रो विचारतात, मॉल विचारतात. मी म्हणेन पाणी विचारा. पिंपरी चिंचवडमध्ये २०१९ च्या नोव्हेंबरपासून महापालिकेचं पाणी दिवसाआड येतं. काही भागांत तर पालिकेचं पाणी नावापुरतं आणि सगळी सोसायटी टँकरवर, आणि टँकरचं बिल मेंटेनन्समध्ये. सेल्सवाला तुम्हाला हे सांगणार नाही. आम्ही एका उपनगरातल्या सोसायटीत (नाव घेत नाही) सकाळी साडेसहाला जाऊन गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर बसलो, पाऊण तासात तीन टँकर आत गेले. टपरीवाल्या काकांना विचारलं, "काका, रोज एवढे येतात?" तर म्हणाले, "उन्हाळ्यात या पोरी, मग मोज." तिथला फ्लॅट आम्हाला आवडला होता हो, पण वहीत काट मारली.

घर बघायला एकदाच जाऊ नका. एकदा सकाळी, एकदा ऑफिस सुटायच्या वेळेला स्वतःच्या ऑफिसवरून गाडी चालवत आणि एकदा पावसात. मॅपवर २५ मिनिटं दाखवतं ते रविवारचं असतं. वाकड, रावेत, पुनावळे, हिंजवडी भागात राहणाऱ्याला संध्याकाळी सातला हे वेगळं सांगायला नको.

नदीजवळ असेल तर पूररेषा. निळी रेषा आणि लाल रेषा असं दोन प्रकारचं असतं, निळ्याच्या आत बांधकामाला परवानगी नसते. २०२४ च्या २५ जुलैला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडच्या एकतानगरीत काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. आणि २०२५ च्या मे महिन्यात चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले ३६ बंगले पालिकेने पाडले, त्यात आयुष्याची कमाई घातलेली साधी माणसं होती. "नदीचा व्ह्यू" असं कोणी म्हटलं की मी आधी पूररेषेचा नकाशा मागते.

पायरी ४: नवीन की रीसेल

नवीन घ्यायचं तर बांधकाम चालू असताना भाडं आणि हप्ता दोन्ही चालू राहतं, आणि पझेशन पुढे गेलं तर अंग मोडून जातं. रीसेलमध्ये जे दिसतं ते मिळतं, शेजारी कोण आहे ते कळतं, भिंतीला ओल कुठे आहे ते कळतं, पण कागदांची साखळी तपासावी लागते आणि लिफ्ट, पाईप, वॉटरप्रूफिंग जुनं असतं. आम्हाला पगारात दोन्ही ओझी झेपणार नव्हती म्हणून रीसेल. ज्यांचं उत्पन्न कमी आहे त्यांनी म्हाडाच्या पुणे मंडळाची सोडत आणि प्रधानमंत्री आवास योजना या दोन्हीकडे नक्की लक्ष ठेवा, सोडतीत घर लागेलच असं नाही पण अर्ज करायला काय जातंय.

पायरी ५: फ्लॅट बघताना टेप घेऊन जा

हसू नका, खरंच पाच मीटरची टेप पर्समध्ये ठेवा. एका ठिकाणी सॅम्पल फ्लॅटमध्ये बेडरूम काय मस्त दिसत होती, बेड, दोन्हीकडे टेबल, मध्ये चालायला जागा. नवरा पाच फूट दहा इंच. मी म्हटलं जरा आडवा होऊन दाखव. सेल्सवाली मुलगी "सर, शूज..." म्हणेपर्यंत हा आडवा झाला आणि पाय घोट्यापासून बाहेर. बेड मापला, साडेपाच फूट. फर्निचर मुद्दाम छोटं बनवलेलं होतं! खोलीला दरवाजेही नव्हते, कपाट भिंतीत नुसतं चिकटवलेलं. त्यानंतर मी सॅम्पल फ्लॅटमध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंतच मापते, सामान बघतच नाही.

एरियाबद्दल. कोणी सुपर बिल्टअप, सेलेबल असं काही बोललं की थांबवा आणि "रेरा कार्पेट किती?" एवढंच विचारा. रेरा हा घरं घेणाऱ्यांसाठीचा कायदा, आणि रेरा कार्पेट म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, आतल्या भिंती धरून, पण बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि टेरेस सोडून. कागदावर हे चौरस मीटरमध्ये असतं, १०.७६४ ने गुणलं की चौरस फूट. "९५० चा टू बीएचके" म्हणून दाखवलेला फ्लॅट कार्पेटला ६३० निघाला तर दचकू नका, दर कार्पेटवर काढून मग दोन फ्लॅटची तुलना करा.

रीसेलमध्ये बाथरूमच्या खालच्या मजल्यावर जाऊन छत बघता आलं तर बघा. आम्ही खालच्या काकूंकडे बेल वाजवली, "आम्ही वरचा फ्लॅट बघतोय, जरा तुमचं बाथरूम बघू का?" काकूंनी आत घेतलं, चहा दिला आणि अर्ध्या तासात सोसायटीची पूर्ण कुंडली सांगितली, लिफ्ट कधी बंद पडते, सेक्रेटरी कसा आहे, कोणाचं कोणाशी पटत नाही. कोणत्याही वेबसाईटवर एवढी माहिती मिळणार नाही.

वास्तूचं म्हणाल तर सासऱ्यांचं म्हणणं पूर्वमुखीच पाहिजे. एकतीसपैकी पूर्वमुखी नऊ होते. आमचा उत्तरेला आहे, ते आता राहायला आले की म्हणतात हवा छान आहे.

पायरी ६: कागद, इथे घाई नाही

नवीन प्रोजेक्ट असेल तर जाहिरातीवर महारेराचा (रेरा कायद्याखालच्या राज्यातल्या प्राधिकरणाचा) नंबर आणि क्यूआर कोड असायलाच पाहिजे. तो स्कॅन करा किंवा महारेराच्या वेबसाईटवर नंबर टाका. तिथे बघायचं काय: पझेशनची मूळ तारीख आणि वाढवलेली तारीख (दोनदा वाढवली असेल तर विचार करा), किती फ्लॅट बुक झालेत, जमिनीवर कर्ज आहे का, कोर्टात केस आहे का, मंजूर नकाशा, आणि वकिलाचा टायटल (मालकी हक्क) रिपोर्ट. सेल्स ऑफिसात सांगितलेली तारीख आणि रेरावरची तारीख यात फरक असेल तर रेरावरचीच धरायची. बांधकाम सुरू करायचा दाखला, म्हणजे सीसी, किती मजल्यांचा आहे तेही बघा, तुम्ही बाराव्या मजल्यावर घेताय आणि सीसी आठपर्यंतच असला तर चार मजले हवेत आहेत.

बिल्डरला रजिस्टर्ड अग्रीमेंट केल्याशिवाय १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत, हा कायदा आहे. "आज २० टक्के भरा, ऑफर संपतेय" म्हणाला तर ऑफर संपू दे. बुकिंगनंतर जे अलॉटमेंट लेटर मिळतं त्याचा महारेराचा ठरलेला नमुना आहे, त्यात पंधरा दिवसांत रद्द केलं तर काही कापायचं नाही असं आहे, पुढे उशीर होईल तशी थोडी कपात. पार्किंग कव्हर्ड घेत असाल तर त्याचा नंबर आणि लांबी-रुंदी-उंची अग्रीमेंटमध्ये लिहून घ्या, आणि ओपन पार्किंग विकता येत नाही हे लक्षात ठेवा. पझेशन मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर बिल्डरने फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. आणि ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय पझेशन घेऊ नका, "फर्निचरसाठी चावी घ्या" हा प्रकार फार चालतो.

आता रीसेल, आणि इथे आमची फसगत झाली ते सांगते.

तेविसावा फ्लॅट. तिसरा मजला, समोर कडुलिंब, किंमतही बसत होती. विकणारे गृहस्थ अगदी सज्जन बोलायचे, शेअर सर्टिफिकेट (सोसायटीचा सभासद असल्याचा दाखला) दाखवलं त्यावर त्यांचं नाव होतं. दुसरे दोन जण बघून गेलेत म्हणाले, आम्ही घाबरलो आणि त्याच संध्याकाळी फोनवरून एक लाख टोकन पाठवलं. कागदावर काही नाही, फक्त व्हॉट्सॲपवर "रिसिव्हड, थँक्स" आणि हात जोडलेला इमोजी. मग वकील केला. वकिलांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "शेअर सर्टिफिकेटवर यांचं नाव आहे, पण इंडेक्स टू वर कोणाचं आहे?" इंडेक्स टू म्हणजे रजिस्टर झालेल्या व्यवहाराचा नोंदणी विभागाचा उतारा, त्यावर होतं त्यांच्या वारलेल्या वडिलांचं. म्हणजे मुलगा सोसायटीत नॉमिनी होता, म्हणून सोसायटीने त्याच्या नावावर सर्टिफिकेट केलं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे मला त्या दिवशी कळलं. वकिलांनी पेपरात जाहीर नोटीस दिली, कोणाचा हक्क असेल तर चौदा दिवसांत कळवा. अकराव्या दिवशी वकिलांच्या ऑफिसात सोलापूरहून फोन, "मी त्यांची सख्खी बहीण, मला विचारलंच नाही." नोटीस त्यांच्या कोणी पुण्यातल्या नातेवाईकाने वाचून फोटो पाठवला होता.

बहिणीचं चूक काहीच नव्हतं, वडिलांच्या घरात तिचा वाटा होताच. तिने हक्कसोड पत्र रजिस्टर करून दिलं असतं तर व्यवहार झाला असता, पण भावा-बहिणीचं आधीचंच काहीतरी होतं, ते फिसकटलं. आमचं टोकन परत यायला पाच महिने लागले, आधी ६० हजार, मग दिवाळीनंतर ४०. त्या पाच महिन्यांत नवरा मला एकदाही "तूच घाई केलीस" म्हणाला नाही, खरं तर घाई त्यानेच केली होती :)

म्हणून रीसेलला हे सगळं मागा, झेरॉक्स नाही, ओरिजिनल बघायला मागा: बिल्डरपासून आजपर्यंतची सगळी अग्रीमेंट्स, प्रत्येकाचा इंडेक्स टू आणि रजिस्ट्रेशनची पावती, मधलं एकसुद्धा हरवलेलं असेल तर बँक अडते. ओसी. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि थकबाकी नसल्याचं पत्र. प्रॉपर्टी टॅक्सची पावती, लाईट बिल. विकणाऱ्याचं लोन चालू असेल तर त्याच्या बँकेकडून बाकी किती ते पत्र आणि बँकेत कोणते कागद ठेवलेत त्याची यादी. सोसायटीच्या नावावर जमीन झालीय का, म्हणजे कन्व्हेयन्स झालंय का, तेही विचारा, नसेल तर घर घेऊच नये असं नाही, पुण्यात अशा सोसायट्या भरपूर आहेत, पण पुढे रीडेव्हलपमेंटच्या वेळी ते निस्तरावं लागतं.

नोंदणी विभागाच्या वेबसाईटवर ई-सर्च आहे, गाव आणि सर्व्हे नंबर टाकून जुने व्यवहार घरबसल्या बघता येतात, साईट कधी चालते कधी रुसते, रात्री अकरानंतर बरी चालते असा माझा अनुभव. पण याच्यावर थांबू नका, स्वतःचा वकील करा. बँकेचा वकील तपासतोच की असं सगळे म्हणतात. तो बँकेच्या पैशाची काळजी करतो, तुमच्या वीस टक्क्यांची नाही. आमच्या वकिलांनी तीस वर्षांचा टायटल सर्च, नोटीस सगळं मिळून बारा हजार घेतले, ६२ लाखांच्या व्यवहारात हे चिल्लर आहे.

पायरी ७: भाव, टोकन आणि "थोडं कॅशमध्ये"

भाव करायच्या आधी त्याच सोसायटीत गेल्या वर्षभरात काय भावाने फ्लॅट रजिस्टर झालेत ते त्याच ई-सर्चमध्ये बघा. पोर्टलवर लिहिलेला आकडा म्हणजे मागणी, इंडेक्स टू वरचा आकडा म्हणजे निदान कागदावरचा व्यवहार. आमच्याला ६६ सांगितले होते, आम्ही त्याच इमारतीतला दुसरा इंडेक्स टू समोर ठेवला आणि ६२ ला तुटला.

"दहा लाख कॅशमध्ये द्या, स्टँप ड्युटी वाचेल" असं विकणारा म्हणेलच. नाही म्हणा. तुमचं लोन तेवढ्याने कमी होतं, पुढे तुम्ही विकाल तेव्हा नफा जास्त दिसून टॅक्स तुम्हालाच बसतो, आणि मुळात घराच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेणं इन्कम टॅक्सच्या कायद्यात बसत नाही. शिवाय स्टँप ड्युटी करारातली किंमत आणि रेडी रेकनरची (सरकारने त्या भागासाठी ठरवलेली) किंमत यातली जी जास्त असेल तिच्यावर लागते, त्यामुळे वाटतं तेवढं वाचतही नाही.

टोकन द्या पण थोडं द्या, आणि एक पानाचा कागद करा, दोघांच्या सह्या, टायटल क्लिअर नसेल किंवा बँकेने लोन नाकारलं तर टोकन इतक्या दिवसांत परत, हे वाक्य त्यात पाहिजेच. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या पैशातून आधीच कापायचा टॅक्स) तुम्ही कापून विकणाऱ्याच्या पॅनवर भरायचा असतो, आमचे ६२ हजार, हे विसरलं की नोटीस येते, येतेच. विकणारा परदेशात राहणारा असेल तर टीडीएसचा हिशोब वेगळा आणि बराच मोठा असतो, तेव्हा सीए गाठाच.

पायरी ८: रजिस्ट्रेशनचा दिवस

स्टँप ड्युटी आणि फी आधी ऑनलाईन चलनाने भरायची, नावाचं स्पेलिंग आधार आणि पॅनसारखंच आहे ना ते तीनदा बघा. अग्रीमेंटचा ड्राफ्ट आदल्या दिवशी नाही, चार दिवस आधी मागा आणि दोघांनी मोठ्याने वाचा. आमच्या ड्राफ्टमध्ये फ्लॅट नंबर ३०४ च्या जागी ३०३ आला होता, म्हणजे आम्ही शेजाऱ्याचा फ्लॅट घेत होतो.

दुय्यम निबंधक कार्यालयात दोन साक्षीदार आपले घेऊन जा, ओरिजिनल आधार, पॅन, फोटो. पाण्याची बाटली आणि खायला काहीतरी न्या, सर्व्हर डाऊन झाला की तीन तास. आमचा नंबर आला तेव्हा नवऱ्याचा अंगठाच मशीन घेईना. वर्षानुवर्षं कूलंटमध्ये हात, रेषा झिजलेल्या. क्लार्क म्हणाला, "साहेब, केसांवरून फिरवा." याने अंगठा केसांवरून फिरवला, कपाळावरून फिरवला, पँटला पुसला, सहाव्यांदा कुठे हिरवा दिवा लागला. मागे रांगेतल्या आजी म्हणाल्या, "घर कष्टाचंय, लागणारच वेळ."

सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत रजिस्टर करायचं असतं. रीसेलमध्ये बँकेचं लोन असेल तर आधी हे अग्रीमेंट, मग बँक पैसे सोडते, मग खरेदीखत आणि चावी, या क्रमाने होतं. विकणाऱ्याचं जुनं लोन असेल तर आपली बँक त्याच्या बँकेला थेट पैसे देईल असं करा, त्याच्या खात्यात टाकून "तुम्ही भरा हं" असं करू नका.

पायरी ९: चावी मिळाल्यावर

बँकेत ओरिजिनल जमा करताना कोणते कागद दिले त्याची सही-शिक्क्याची यादी घ्या, स्कॅन करून दोघांच्या मेलवर ठेवा. लोन फिटल्यावर तीस दिवसांत बँकेने हे कागद परत द्यायचे असतात, नाही दिले तर दिवसाला ५ हजार भरपाई असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पण काय दिलं होतं हेच माहीत नसेल तर काय मागणार.

मग सोसायटीत अर्ज करून शेअर सर्टिफिकेटवर नाव, पालिकेत प्रॉपर्टी टॅक्सला नाव आणि महावितरणला लाईट बिलाला नाव. नॉमिनीही तेव्हाच भरा. पहिली दोन कामं आम्ही महिन्याभरात केली, लाईट बिलाचं राहून गेलं. दर महिन्याला जुन्या मालकांच्या नावाने बिल येतं, परवा तर गॅस कनेक्शनवाला पत्त्याचा पुरावा म्हणून तेच मागत होता आणि मी दारात उभी राहून इंडेक्स टू ची झेरॉक्स शोधत होते, तेव्हा तुम्ही चावी मिळेल त्याच आठवड्यात तो अर्ज टाकून द्या.